नव्या बाजारपेठेकडे निघण्यापूर्वी : धंद्याच्या विस्ताराविषयी शरीयतचे मार्गदर्शन

दिव्य कुरआनमधील सूरह कुरैश (१०६) अवघ्या चार आयतींची आहे. तीत मक्केच्या कुरैश टोळीच्या दोन प्रवासांचा उल्लेख येतो : एक हिवाळ्यातील, दुसरा उन्हाळ्यातील. भाष्यकारांच्या म्हणण्यानुसार हिवाळ्यात त्यांचे व्यापारी काफिले दक्षिणेस येमेनकडे जात आणि उन्हाळ्यात उत्तरेस शामकडे, म्हणजे आजच्या सीरिया व आसपासच्या प्रदेशाकडे. मक्का ज्या खोऱ्यात वसली तेथे शेती पिकत नव्हती. दूरच्या बाजारपेठा हाच त्या शहराच्या उपजीविकेचा आधार होता. अल्लाह तआलाने या प्रवासांची गणना आपल्या कृपेत केली आणि त्याबरोबरच, ज्याने भुकेच्या वेळी अन्न दिले व भयापासून अभय दिले, त्या काबागृहाच्या प्रभूची उपासना करण्याचा आदेश दिला.

हलाल उपजीविकेसाठी गावाची वेस ओलांडणे यात गैर काहीच नाही, हे यावरून स्पष्ट होते. सूरह मुज्जम्मिलच्या (७३) अखेरच्या आयतीत रात्रीच्या नमाजीबाबत सवलत देताना आजारी माणसे, अल्लाहची कृपा शोधीत भूमीवर प्रवास करणारे आणि अल्लाहच्या मार्गात लढणारे, अशा तिघांचा एकत्र उल्लेख आहे. व्यापारासाठी प्रवास करणाऱ्याला मिळालेले हे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे लहान धंद्यावर जगतात. कोणाची बेकरी, कोणाचे गॅरेज, कोणाचा फळांचा व्यापार, कोणाचे यंत्रमाग. वडिलांनी एका गावात उभा केलेला धंदा मुलांना शेजारच्या जिल्ह्यात न्यावासा वाटतो, हे स्वाभाविक आणि स्वागतार्ह आहे. परंतु एक गोष्ट वारंवार आढळते. नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या दुआसाठी लोक इमामाकडे आधी येतात. भागीदारीचा मसला विचारण्यासाठी मात्र बहुधा भांडण झाल्यानंतर येतात. प्रस्तुत पाठात हा क्रम बदलण्याचा प्रयत्न आहे. दुकान उघडण्यापूर्वी कुटुंबाने कोणती तयारी करावी, याबाबत शरीयत काय सांगते, ते आपण क्रमाने पाहू.

नजरेचा व्यापार आणि लेखणीचा व्यापार

सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत होय. तिचा विषय नमाज, रोजा किंवा हज नाही. तिचा विषय आहे देण्याघेण्याची नोंद. मुदत ठरवून उधारीचा व्यवहार केला तर तो लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तपशील तीत आले आहेत.

याच आयतीत एक सवलतही आहे. समोरासमोर, हातोहात होणारा व्यापार लिहिला नाही तरी दोष नाही. या सवलतीकडे बारकाईने पाहिले म्हणजे आपल्या विषयाचे मर्म हाती येते. गावातला लहान धंदा बहुतांशी याच सवलतीवर चाललेला असतो. माल समोर, गिऱ्हाईक समोर, पैसे गल्ल्यात. वडिलांची नजर सर्वत्र फिरते. कोणाकडे किती उधारी आहे ते त्यांना तोंडपाठ असते. धंदा दुसऱ्या गावी गेला की माल एका ठिकाणी, दुकानदार दुसऱ्या ठिकाणी आणि पैसे पंधरा दिवसांनी, अशी स्थिती होते. म्हणजे तो व्यवहार सवलतीच्या कक्षेतून निघून आज्ञेच्या कक्षेत प्रवेश करतो. बाजारपेठ बदलली, तसा त्या व्यवहाराला लागू होणारा आदेशही बदलला.

म्हणून विस्ताराची खरी तयारी ही की, आजवर जे नजरेने आणि स्मरणाने सांभाळले गेले, ते निघण्यापूर्वी कागदावर, मापात आणि स्पष्ट करारात उतरवावे. पुढील सर्व विवेचन या एका सूत्राचा विस्तार आहे.

समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण मनाशी धरू. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एका कुटुंबाची बेकरी आहे. वडील, आई, तीन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. भट्टीवर पाव, खारी, टोस्ट आणि नानकटाई तयार होते. माल गावात खपतो. आता तो कोल्हापूरला व पुढे बेळगावला पाठवावा, तेथे थोरल्याने राहून काम पाहावे, असा विचार घरात सुरू आहे.

पहिली तयारी : हा धंदा कोणाचा ?

सर्वांत अवघड प्रश्न घरातलाच असतो. थोरला दहा वर्षे भट्टीवर राबला. मधला हिशेब पाहतो. धाकटा शिकून नुकताच आला. हे तिघे बेकरीचे मालक आहेत, भागीदार आहेत, नोकर आहेत की वडिलांचे मदतनीस ? बहुतेक घरांत हा प्रश्न कधी उच्चारलाच जात नाही. उच्चारला तर तो वडिलांचा अनादर समजला जातो.

हनफी फिकहच्या ग्रंथांत याचे स्पष्ट उत्तर आहे. मुलगा वडिलांच्याच घरात राहतो, त्यांच्याच धंद्यात काम करतो, त्याने स्वतःचे भांडवल घातलेले नाही आणि कोणताही करार झालेला नाही, अशा स्थितीत तो मदतनीस ठरतो. कमाई वडिलांची होते. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ हाही हेच तत्त्व मानतो की, भागीदारी करारातून निर्माण होते, केवळ नात्यातून होत नाही. एका चुलीवर जेवणे म्हणजे भागीदार असणे नव्हे.

याचा परिणाम काय होतो ते पाहू. करार न होता वडिलांचे निधन झाले आणि कर्जे फेडून बेकरीसह सर्व मालमत्ता १६ लाखांची ठरली, असे समजा. वडिलांचे आईवडील हयात नाहीत, वसियत नाही. सूरह निसाच्या (४) ११ व १२ या आयतींनुसार पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे २ लाख मिळतील. उरलेल्या १४ लाखांत मुलाला मुलीच्या दुप्पट, या नियमाने प्रत्येक मुलाला ४ लाख आणि मुलीला २ लाख मिळतील. दहा वर्षे राबलेल्या थोरल्याला आणि काल आलेल्या धाकट्याला सारखाच वाटा. बेळगावचे दुकान वडिलांच्या पैशातून उभे राहिले असेल तर तेही याच वाटणीत येईल, मग ते उभे करण्यात थोरल्याने कितीही घाम गाळलेला असो.

दुसरीकडे, तीन भाऊ धंदा तसाच पुढे चालवतात आणि आई व बहीण यांचा हिस्सा वेगळा काढतच नाहीत, हेही आपण पाहतो. धंदा दोन गावी पसरला की हा हिस्सा शोधणे अधिकच कठीण होते. बहीण मागत नाही म्हणून तिने सोडला, असे मानले जाते. सूरह निसाच्या ७ व्या आयतीत आईवडिलांनी मागे ठेवलेल्या संपत्तीत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही निश्चित हिस्सा सांगितला आहे आणि ती संपत्ती थोडी असो की पुष्कळ, असेही स्पष्ट केले आहे. बहिणीच्या संमतीविना तिच्या २ लाखांवर कमावलेला नफा नव्या दुकानाच्या पाटीवर कितीही चांगले नाव लिहिले तरी शुद्ध होत नाही.

म्हणून वडील हयात असताना, घरात प्रेम असताना, सर्वांना बसवून ठरवावे. थोरल्याला पगार द्यावयाचा असेल तर तो आजपासून ठरवावा. त्याला भागीदार करावयाचे असेल तर त्याचे भांडवल किती, नफ्यातला वाटा किती, हे लिहावे. वडिलांना हयातीत मुलांना काही द्यावयाचे असेल तर हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस समोर ठेवावी. त्यांच्या वडिलांनी एका मुलालाच देणगी दिली तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इतर अपत्यांना तशी दिली आहे काय, असे विचारले आणि अपत्यांमध्ये न्याय करण्यास सांगितले (बुखारी, मुस्लिम).

नफा होण्यापूर्वी हे का ठरवावे, याचे उत्तर इमाम मालिक (रह.) यांच्या मुअत्ता या ग्रंथातील एका घटनेत मिळते. हजरत उमर (रजि.) खलीफा असताना त्यांचे दोन पुत्र अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह इराकच्या मोहिमेवरून परतत होते. बसऱ्याचे राज्यपाल हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडे मदीनेला पाठवावयाचा सरकारी पैसा होता. तो त्यांनी दोघांना कर्जाऊ दिला; त्यातून इराकचा माल घ्यावा, मदीनेत विकावा, मुद्दल खलीफांना द्यावे आणि नफा स्वतः ठेवावा, असे सांगितले. माल विकला गेला, नफा झाला. हजरत उमर (रजि.) यांनी विचारले की, अशी सोय साऱ्या सैन्याला मिळाली होती काय ? नाही, असे कळताच त्यांनी मुद्दल आणि नफा दोन्ही मागितले. पैसे बुडाले असते तर भरपाई आम्हीच केली असती, असा उबैदुल्लाह यांचा युक्तिवाद होता. अखेर एकाच्या सूचनेवरून हा व्यवहार भांडवल व श्रम यांची भागीदारी मानला गेला. निम्मा नफा सरकारी खजिन्यात गेला आणि निम्मा दोघा भावांना मिळाला. ज्या घराच्या प्रामाणिकपणाविषयी कोणाला शंका नव्हती, तेथेही भांडवल कोणाचे आणि धोका कोणाचा हा प्रश्न नफा समोर आल्यावर उभा राहिला. मग आपल्या घरांत तो उभा राहणार नाही, असे गृहीत कसे धरावे ?

दुसरी तयारी : भांडवल कोठून आणावे ?

व्याज निषिद्ध आहे, हे प्रत्येक मुस्लिमाला ठाऊक असते. परंतु धंदा वाढवण्याच्या उत्साहात व्याज नाव बदलून घरात येते. आखातात नोकरी करणारे मामा ४ लाख देतात आणि दरमहा ६ हजार मिळावेत, मुद्दलही सुरक्षित राहावे, अशी अपेक्षा ठेवतात. त्याला नफा म्हटले तरी ते व्याजच आहे, कारण धंद्याला तोटा झाला तरी त्यांची रक्कम ठरलेली आहे.

शरीयतने यासाठी मुदारबत हा मार्ग दिला आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात ठरलेल्या प्रमाणात वाटा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रेषितत्व लाभण्यापूर्वी हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन शामचा प्रवास केला. खदीजा (रजि.) नफ्यातील वाट्याच्या बोलीवर आपले भांडवल व्यापाऱ्यांकडे सोपवीत असत, असे चरित्रकार सांगतात. त्या प्रवासात त्यांचा सेवक मैसरा हाही सोबत होता आणि परतल्यावर त्याने आपल्या स्वामिनीला सर्व हकीकत सांगितली.

मुदारबतचा हिशेब असा. मामांचे ४ लाख, थोरल्याचे श्रम, नफा निम्मा निम्मा. वर्षाअखेर १ लाख नफा झाला तर दोघांना ५० हजार. ४० हजार तोटा झाला तर तो मामांच्या भांडवलातून जाईल, थोरल्याचे वर्षभराचे श्रम वाया जातील. त्याच्याकडून तो तोटा भरून मागता येणार नाही. मात्र त्याने निष्काळजीपणा केला किंवा ठरलेली अट मोडली तर जबाबदारी त्याची. करार पुढे चालू असेल तर दुसऱ्या वर्षीच्या नफ्यातून आधी ते ४० हजार भरून काढावे लागतील, मग उरलेला नफा वाटला जाईल.

भांडवलदाराला अटी घालण्याचा अधिकार आहे. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) आपले भांडवल देताना तीन अटी घालीत, अशी नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे : या पैशातून जनावरे घेऊ नयेत, माल समुद्रावर नेऊ नये आणि ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये, यांपैकी काही केले तर नुकसानीची जबाबदारी तुमची. वाळवंटातील कोरड्या पात्रात अकस्मात पूर येतो, समुद्रात जहाज बुडते, जनावर मरते. आपला पैसा आपल्या नजरेआड जात असताना कोणते धोके पत्करावयाचे आणि कोणते नाहीत, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. आपले मामाही लिहून घेऊ शकतात : अमुक रकमेपेक्षा अधिक उधारी एका दुकानाला देऊ नये, संमतीविना तिसऱ्या शहरात माल पाठवू नये.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अनेक भागीदारांनी मिळून भांडवल घातले तर हनफी मतानुसार नफ्याचे प्रमाण परस्पर संमतीने ठरवता येते, तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणातच सोसावा लागतो. शाफई मतानुसार अशा भागीदारीत नफाही भांडवलाच्या प्रमाणात असावा लागतो. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांनी करारापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

भांडवल पुरेसे जमले नाही तर ? तर पाऊल लहान टाकावे. कर्जाची परतफेड झालेली नसलेल्या व्यक्तीची जनाजाची नमाज पढविण्यास प्रेषित (स.) थांबले आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी त्या कर्जाची जबाबदारी घेतल्यावरच त्यांनी नमाज पढविली (बुखारी). कर्ज हे इतके भारी ओझे आहे.

तिसरी तयारी : बाजारपेठेची पारख

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) सर्वस्व सोडून मक्केहून मदीनेत आले. त्यांचे बंधू ठरविलेले हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी त्यांना आपली निम्मी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ देऊन नम्रपणे ती नाकारली आणि येथील बाजार कोठे आहे ते दाखवावे, एवढीच विनंती केली. बनू कैनुका यांचा बाजार त्यांना दाखविण्यात आला. तेथे त्यांनी सुकवलेले पनीर आणि तूप यांपासून सुरुवात केली (बुखारी). नव्या शहरात त्यांनी आधी बाजार पाहिला आणि रोज खपणाऱ्या साध्या मालापासून आरंभ केला. ते पुढे मदीनेच्या संपन्न व्यापाऱ्यांपैकी एक झाले.

आपल्या बेकरीलाही हाच क्रम लागू आहे. सर्व माल एकदम न पाठवता टिकाऊ अशी एक वस्तू निवडावी. पाव दुसऱ्या दिवशी शिळा होतो. नानकटाई काही दिवस टिकते. एक महिना थोड्या दुकानांतच ती ठेवून पाहावी आणि खर्च काटेकोर मांडावा. समजा १०० किलो नानकटाई पाठविली. भट्टीवरचा खर्च किलोमागे १४० रुपये, पुडे बांधण्याचा १२ आणि वाहतुकीचा ८. एकूण १६० रुपये, म्हणजे १०० किलोला १६ हजार. दुकानदाराला भाव २०० रुपये. घरबसल्या हिशेब केला तर ४ हजार नफा दिसतो. प्रत्यक्षात ८ किलो माल मोडला किंवा परत आला आणि ९२ किलोचेच पैसे मिळाले, म्हणजे १८ हजार ४०० रुपये. नफा उरला २ हजार ४००. वसुलीच्या फेऱ्यांना १ हजार ५०० रुपये गेले. हाती आले ९००. एखाद्या दुकानदाराने पाच किलोचे पैसे बुडविले की तेही संपले. हा हिशेब महिनाभराच्या प्रयोगातच कळलेला बरा; भाड्याने गाळा घेऊन, कारागीर नेमून मग कळला तर फार महाग पडतो.

हजरत उमर (रजि.) यांनी, ज्याला दीनची समज आहे त्यानेच आमच्या बाजारात विक्री करावी, असा आदेश दिल्याची नोंद तिर्मिजीत आहे. त्या समजेत बाजारभावाचा प्रामाणिकपणाही येतो. बाहेरून येणाऱ्या काफिल्याला बाजारात पोहोचण्यापूर्वीच गाठून, त्याला भाव माहीत नसताना माल विकत घेण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली आहे (बुखारी, मुस्लिम). नव्या गावात आपण त्या काफिल्याच्या जागी असतो. भाव विचारल्याशिवाय सौदा करू नये. कधी आपणच जाणते असतो. तेव्हा समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नये.

चौथी तयारी : माल कोणाचा, मोडतोड कोणाची ?

आपल्याकडे दुकानात माल ठेवताना एक वाक्य सर्रास बोलले जाते : विकला तर पैसे द्या, नाहीतर परत द्या. हे वाक्य ऐकायला सोपे आहे, पण त्यात दोन वेगळे व्यवहार मिसळलेले आहेत.

एक व्यवहार विक्रीचा. दुकानदाराने माल विकत घेतला, ताब्यात घेतला. आता उंदराने पुडा फोडला तरी नुकसान त्याचे आणि त्यावरचा नफाही त्याचा. दुसरा व्यवहार वकालतचा, म्हणजे मुखत्यारीचा. माल बेकरीचाच, दुकानदार तिच्या वतीने विकतो आणि ठरलेले कमिशन घेतो. त्याचा निष्काळजीपणा नसेल तर नुकसान बेकरीचे. दोन्ही वैध आहेत. परंतु माल विकला गेला तर विक्री आणि मोडला तर मुखत्यारी, असे सोयीने म्हणता येत नाही. ज्या वस्तूच्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर नाही, तिच्यावर नफा घेण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली आहे (अबू दाऊद, तिर्मिजी). त्याचप्रमाणे खाद्यपदार्थ ताब्यात येण्यापूर्वी पुढे विकण्यासही मनाई आहे (बुखारी, मुस्लिम). म्हणून वितरकाने टेम्पोतला माल स्वतःच्या ताब्यात येण्यापूर्वी इतर दुकानांना विकू नये.

तेव्हा प्रत्येक दुकानदाराशी एका साध्या कागदावर ठरवावे : विक्री की कमिशन, मोडतोड कोणाची, परतीचा माल किती दिवसांत, पैसे कोणत्या तारखेला. ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). आणि देणेकरी खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, अशी सूरह बकराच्या २८० व्या आयतीची शिकवण आहे. तारीख लिहिलेली असेल तरच लांबवणारा कोण आणि अडलेला कोण, हे ओळखता येते.

पाचवी तयारी : माप, लेबल आणि कायदा

प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आमच्यातला नाही, असे बजावले (मुस्लिम). गावातल्या दुकानात गिऱ्हाईक स्वतः राशीत हात घालू शकते. बंद पुडा परगावी गेला की गिऱ्हाईकाचा हात आत पोहोचत नाही. तेथे लेबलच राशीच्या वरचा थर असते. त्यावर लिहिलेले वजन, तयार केल्याचा महिना आणि घटक पदार्थ खरे असणे ही विक्रेत्याची अमानत आहे. शुद्ध तुपाचा शब्द छापून आत वनस्पती तूप घालणे म्हणजे ओले धान्य तळाशी लपवणेच होय. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनने (८३) दिलेला इशारा प्रत्येक तराजूजवळ आठवावा.

देशाचे कायदे पाळणेही कराराची पूर्तता करण्याच्या आज्ञेत (सूरह माइदा, आयत १) येते. खाद्यपदार्थ बनविणाऱ्याला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. आपल्या उदाहरणात आणखी एक बाब दडलेली आहे. कोल्हापूर महाराष्ट्रात आहे, बेळगाव कर्नाटकात. राज्याबाहेर करपात्र माल विकणाऱ्याला, उलाढाल कितीही लहान असली तरी, सामान्यतः जीएसटी नोंदणी करावीच लागते. मिरजेहून बेळगाव जवळ वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने ती वेगळी बाजारपेठ आहे. पहिला टेम्पो निघण्यापूर्वी जाणकार सल्लागाराला विचारावे. भागीदारी संस्थेची नोंदणीही करून घ्यावी. नोंदणी नसलेल्या संस्थेला आपले करारातील येणे वसूल करण्यासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही.

जकात आणि नमाज

धंदा दोन-तीन गावांत विभागला की जकातीचा हिशेबही विखुरतो. भट्टी, टेम्पो, फर्निचर यांवर जकात नाही. विक्रीसाठीचा माल, मग तो भट्टीवर असो, वाटेत असो वा कमिशनवर दुकानांत ठेवलेला असो, तसेच रोकड आणि वसूल होण्याजोगी उधारी, यांवर आहे. माल १ लाख ८० हजारांचा, येणे ९० हजार, रोकड ७० हजार आणि मैदा-साखरेच्या व्यापाऱ्याचे देणे ६० हजार असेल, तर हनफी मतानुसार शिल्लक २ लाख ८० हजारांवर अडीच टक्के म्हणजे ७ हजार रुपये जकात निघेल. शाफई मतानुसार देणे वजा होत नाही. निसाब म्हणून चांदीचे ५२.५ तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, हे प्रमाण आपल्याकडे धरले जाते. भागीदारांनी प्रत्येकाच्या हिश्शाप्रमाणे आपापली जकात काढावी. यासाठीही पुन्हा तीच वही लागते, जी पहिल्या दिवसापासून लिहिलेली असेल.

सूरह जुमुआमध्ये (६२) शुक्रवारच्या नमाजीची हाक ऐकताच व्यापार थांबवण्याची आज्ञा आहे आणि नमाज झाल्यावर भूमीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्यास सांगितले आहे. पसरण्याची परवानगी नमाजीनंतर येते, हा क्रम विसरता कामा नये. परगावी दुकान घेताना भाडे आणि वर्दळ पाहतो, तशी जवळची मशीदही पाहावी. एकटा राहणाऱ्या थोरल्याला तिचा आधार फार मोठा असतो.

समारोप

क्रय-विक्रय करणारे दोघे खरे बोलले आणि दोष उघड करून सांगितले तर त्यांच्या व्यवहारात बरकत होते, लपवले आणि खोटे बोलले तर बरकत पुसली जाते, अशी शिकवण हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याच एका हदीसमध्ये आहे (बुखारी, मुस्लिम). दुकानांची संख्या वाढणे आणि बरकत वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भांडवलाने साधते. दुसरीसाठी वडिलांनी मुलांशी, भावांनी बहिणीशी, बेकरीने दुकानदाराशी आणि दुकानदाराने गिऱ्हाईकाशी स्पष्ट असावे लागते. अल्लाह तआला आपल्या कुटुंबांच्या हलाल उपजीविकेत विस्तार देवो, त्यांच्या वह्या स्वच्छ ठेवो आणि कोणाच्याही हक्काचे ओझे घेऊन आपल्याला त्याच्यासमोर उभे राहावे लागू नये, असे करो. आमीन.

घरी बसून विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या धंद्यात काम करणारा प्रत्येक जण मालक, भागीदार, पगारदार की मदतनीस आहे ? ते कोठे लिहिलेले आहे काय ?

२. मागील पिढीतील कोणत्याही स्त्री वारसाचा हिस्सा या धंद्यात अडकलेला आहे काय ?

३. बाहेरून घेतलेल्या पैशावर ठरलेली रक्कम देतो की नफ्यातील ठरलेला वाटा ?

४. परगावच्या दुकानात ठेवलेला माल आज मोडला तर नुकसान कोणाचे, हे दोन्ही पक्ष एकच उत्तर देतील काय ?

५. वडिलांची स्मृती उद्या साथ देईनाशी झाली तर येणे आणि देणे वहीतून समजेल काय ?